तिला विचारा

दुपारी ऑफिसात फोन वाजला. रमजान चालू होता, त्यामुळे आमच्या शारजाच्या ऑफिसातला निम्मा स्टाफ दोनलाच घरी गेला होता. भूपालभाऊंनी, त्रिशलाताईच्या नवऱ्यानं, एकच शब्द सांगितला… "सुटली." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. लांबलेल्या आजारातून कुणी गेलं की आपल्याकडे हा शब्द सहज तोंडी येतो, आणि पुष्कळदा त्यात गेलेल्या माणसापेक्षा मागे राहिलेल्यांचाच थकवा जास्त असतो. त्रिशलाताईच्या बाबतीत मात्र तो शब्दशः खरा होता. शेवटचे काही आठवडे ती अडकून पडली होती, आणि तिला अडकवणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता. आज दीड-एक महिना झाला, पण मला पचत नाही ते हेच. कुणावर रागवायचं तेच कळत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही अजमानला राहायला आलो तेव्हा समोरच्या दारात पाटलांचं बिऱ्हाड होतं. अजमानची भाडी परवडायची म्हणून तिथे राहायचं आणि नोकरीला शारजा-दुबई गाठायची, हा सगळ्यांचाच शिरस्ता. भूपालभाऊ एका पाइपच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, तो कारखाना पुढे हमरियाच्या फ्री झोनमध्ये गेला, ताई शारजात एका इंडियन शाळेत गणित शिकवायची, आणि श्रुती तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. "आम्ही जैन," असं ताईनं पहिल्या दिवशी सांगितल्यावर मी डोंबिवलीच्या भाबडेपणानं "पण मराठी छान बोलता हो" म्हणाले. ती खळखळून हसली. "अगं मेधा, शिरोळ तालुक्यातले जैन आम्ही. कृष्णाकाठचे. आमच्याकडं ऊस लावतात, तराजू न्हाई धरत!"

तिच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर नाही, आणि तरीही बिल्डिंगमधली सगळी पोरं तिच्याकडच्या वड्यांवर तुटून पडायची. कच्च्या केळ्याचे वडे ते, पण कुणाला कधी शंका आली नाही. सूर्य मावळल्यावर ती पाण्याखेरीज तोंडात काही घालायची नाही. लग्नाआधीपासूनचा नियम. वाढदिवसाची पार्टी असली की ही घरी जेवून यायची आणि आमच्याकडे पदर खोचून वाढायला उभी राहायची. रमजानात तर मजाच. सारं अजमान सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानकडे कान लावून बसलेलं असायचं, अजान झाली की पहिला घास घ्यायचा. आणि ही त्याआधी ताट धुऊन पालथं घालायच्या गडबडीत! मी एकदा म्हटलं, "ताई, ह्या देशात येऊन तू अगदी उलट्या घड्याळानं जेवतेस." त्यावर म्हणाली, "नियम माझा आहे की. तू खा निवांत." धर्माविषयी तिनं कुणाला याहून अधिक काही ऐकवल्याचं मला आठवत नाही.

आम्ही दोघी एकाच कार लिफ्टनं, म्हणजे महिन्याच्या भाड्यावर वाटून घेतलेल्या गाडीनं, शारजाला जायचो. एक पठाण ड्रायव्हर, मागे आम्ही तिघी-चौघी, आणि रोजचा तो ट्रॅफिक. तिथेच मला पहिल्यांदा जाणवलं. ताईचे शब्द सकाळी नीट असायचे आणि परत येताना जड व्हायचे, जिभेवर मध ठेवल्यासारखे. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग वर्गात तिच्या हातून खडू पडायला लागला. मग एका पालकानं तक्रार केली, की मिस काय बोलतात ते मुलांना कळत नाही. दुबईत तपासण्या झाल्या, सुटीत पुण्याला जाऊन पुन्हा झाल्या, आणि दोन्हीकडे एकच निदान निघालं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार. आधी हात, जीभ, मग गिळणं, मग श्वास. बुद्धी मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार. "लख्ख," ताई मला म्हणाली, "म्हणजे आपलं एकेक दार बंद होताना नीट दिसणार." नोकरी सोडली, तरी शाळेजवळच्या फिजिओथेरपीला ती आमच्याच गाडीनं यायची. दिवसेंदिवस तिचं बोलणं इतरांना अगम्य होत गेलं आणि रोज शेजारी बसून बसून मला मात्र ते कळत राहिलं.

त्याच प्रवासात एकदा तिनं मला तिच्या थोरल्या आत्याबद्दल सांगितलं. ताई नऊ-दहा वर्षांची असताना त्या आत्यानं सल्लेखना घेतली होती. पोटाचा असाध्य आजार होता. मुनिमहाराजांची अनुमती घेऊन तिनं आधी जेवण सोडलं, मग दूध, शेवटी पाणी. गावातली माणसं येऊन पाया पडत होती, बायका णमोकार मंत्र म्हणत होत्या, लहान पोरांनाही कुणी हाकललं नाही. "मी तिच्या उशाशी बसून होते," ताई म्हणाली. "मला भ्या वाटलं न्हाई. ती सगळ्यांची क्षमा मागत होती. माझी पण मागितली. मला म्हणाली, तुला एकदा चिमटा काढला होता मी, ध्यानात आहे का?" मला ते सगळं भयंकर वाटत होतं, आणि ताईच्या तोंडून ऐकताना तितकंसं भयंकर वाटत नव्हतं…

गेल्या उन्हाळ्यात ती गिळताना ठसकायला लागली तेव्हा डॉक्टरांनी पोटात नळी बसवायचा विषय काढला. डॉक्टर सुदानचे, उंच, हळू बोलणारे. भूपालभाऊंना इंग्रजी येत होतं, पण ताईचं बोलणं त्यांना आता अर्धंच उमगायचं, म्हणून मला सोबत नेलं होतं. डॉक्टर सगळं भूपालभाऊंकडे बघून समजावत होते. नळी लवकर बसवलेली बरी, पुढे श्वासाचं मशीनही लागेल, त्यासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल, तुम्ही घरी चर्चा करा. ताईनं टेबलावर हात आपटला. हात कसला, मनगट. डॉक्टर थांबले. ती बोलायला लागली आणि मी इंग्रजीत सांगायला लागले, "शी सेज…" तर तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

"ती म्हणते, असं नको म्हणू," ती म्हणाली. "मी म्हण. माझ्या जागी बोल."

मग मी बोलले. मला नळी नको आहे. पोटात नको, गळ्यात नको. मला वेड लागलेलं नाही, मी निराशही नाही. औषध घेते, व्यायाम करते, ते चालूच ठेवीन. पण शरीर स्वतःहून घास घ्यायचं थांबवील तेव्हा ते जबरीनं भरायचं नाही, हे माझ्या धर्मात मला शिकवलेलं आहे. मी जीव देत नाहीये. जीव देतात ते रागानं. मी फक्त धरून ठेवणार नाहीये… असं माझ्याच आवाजात, माझ्याच तोंडानं. त्या खोलीत एसी असून माझी पाठ घामानं भिजली होती. यातलं एक वाक्यसुद्धा मला पटत नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती, शब्दन् शब्द तपासत होती, वर्गात फळ्यावरचं गणित तपासावं तशी.

डॉक्टरांनी पुढ्यातली फाइल मिटली. मग पहिल्यांदा तिच्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं मला कळलं. आता माझं ऐका. उद्या तुमचा श्वास अडकला आणि तुम्हाला इथे आणलं, तर जो कुणी ड्यूटीवर असेल तो नळी घालणार. त्याला दुसरं काही करता येत नाही. आणि एकदा मशीन लागलं की ते बंद करायचा अधिकार इथे कुणालाच नाही. मला नाही, तुमच्या मिस्टरांना नाही, तुम्हाला तर नाहीच. तुमचा निर्णय पक्का असेल, तर घरी जा. इंडियाला. लवकर जा."

परतताना गाडीत मी तिच्याशी भांडले. म्हटलं, मशीनवर माणसं वर्षानुवर्षं जगतात, श्रुतीचं लग्न बघशील, नातवंडं बघशील. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू जग की मशीनवर. मी येईन भेटायला." मला हसूही आलं आणि रडूही. तिनं गावी भावाला महाराजांकडे पाठवून सल्लेखनेबद्दल विचारलंही होतं. महाराजांचा निरोप आला होता, की अजून वेळ आहे, औषधं सोडू नकोस, घाई हाही मोहच. म्हणून गोळ्या ती शेवटपर्यंत काटेकोर घेत होती. आमच्या बिल्डिंगमध्ये पुढे काहीजणांनी "अंधश्रद्धा" वगैरे शब्द वापरले. त्यांनी या बाईला औषधाच्या वेळा पाळताना पाहिलेलं नव्हतं.

मग ती लगेच गावी का गेली नाही? हा प्रश्न मला इथे अनेकांनी विचारला. श्रुती बारावीला होती. तिचं गणित कच्चं होतं, आणि आईखेरीज कुणाकडून शिकायची तिची तयारी नव्हती. ताई खुर्चीत बसून अडखळत सांगायची, श्रुती पुन्हा पुन्हा "व्हॉट, मम्मी? से इट अगेन" करायची, आणि तासाभरात एक उदाहरण व्हायचं. दोघींनाही ते सोडायचं नव्हतं. भूपालभाऊंना वाटत होतं, अमेरिकेत नवं औषध निघतंय म्हणतात, थोडं थांबू. शेवटी ठरलं ते असं, की डिसेंबरच्या सुटीत तिघांनी जायचं, ताईनं माहेरी राहायचं, भूपालभाऊंनी श्रुतीच्या परीक्षेपुरतं परत यायचं. कंपनीनं ठेवून घेतलेले पासपोर्ट सोडवून आणले. तिकिटं काढली. ताईनं मला तिच्या कुंड्या देऊन टाकल्या. दिवाळी झाली, तिच्या पाठोपाठ रमजान सुरू झाला, आणि त्याच आठवड्यात एका दुपारी श्रुती शाळेतून येऊन आईला पेज भरवत असताना ती पेज श्वासनळीत गेली.

भूपालभाऊ हमरियात होते. मी ऑफिसात. घरात सतरा वर्षांची पोर एकटी. तिला सगळं ठाऊक होतं, आई काय म्हणाली आहे, डॉक्टर काय म्हणाले आहेत. "शी वॉज टर्निंग ब्लू, आंटी," ती मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये परत परत सांगत होती. "आय हॅड टु कॉल द ॲम्ब्युलन्स. आय हॅड टु." मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तू केलंस तेच कुणीही केलं असतं. भूपालभाऊ साइटवरचे बूट घालूनच आले होते. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं त्यांच्यापुढे कागद धरला होता, आणि त्यांनी सही केली होती. ते भिंतीला टेकून म्हणाले, "वहिनी, आतून तिचा आवाज येत होता. मला दुसरं काय करता येत होतं?"

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. तोंडात नळी, नाकात नळी, हात बांधलेले. अशी माणसं नळ्या ओढून काढतात म्हणून बांधतात म्हणे. तिचे हात तर हलतच नव्हते, तरी बांधलेले होते. डोळे मात्र उघडे होते आणि लख्ख होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग नजर छताकडे नेली. ती नजर मी विसरू शकलेले नाही. तीत रागसुद्धा नव्हता… एखाद्या खोलीत कोंडलेलं माणूस हाका मारून थकतं आणि खाली बसतं, तशी होती.

आम्ही बोलायची एक रीत काढली. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. श्रुतीनं पुठ्ठ्यावर जाड पेननं मुळाक्षरं लिहिली. इंग्रजी शाळेतली पोर ती, 'ण' आणि 'ळ' कुठे येतात ते तिला आठवेना, मी सांगितलं. मग मी ओळीओळीवरून बोट फिरवायचे आणि ती डोळ्यांनी अक्षर थांबवायची. पहिला शब्द आला तो 'घर'. भूपालभाऊ एअरलाइन्सच्या ऑफिसांत फिरले. मशीनवरच्या पेशंटला कुणीच न्यायला तयार नव्हतं. हॉस्पिटल मशीन काढायला तयार नव्हतं. मशीन आहे म्हणून विमान नाही, आणि विमानात बसायचं तर मशीन काढलं पाहिजे, ते इथे काढता येत नाही. मी हे तिला समजावून सांगत होते आणि ती डोळे मिटत होती. नाही. नाही. नाही.

त्यानंतर दोन दिवस ती पुठ्ठ्याकडे बघतच नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं शब्द दिला, 'सूर्य'. मला आधी वाटलं, खिडकीचा पडदा उघडायचा आहे. उघडला. डोळे मिटले. मग तिनं नाकातल्या नळीकडे नजर नेली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. नळीतून पातळ अन्न पंपानं दिवसरात्र जात होतं, थेंब थेंब, रात्रीसुद्धा. जन्मभराचा नियम तिच्या नाकातून मोडला जात होता, आणि तिला हात उचलून थांबवता येत नव्हतं. मी सुदानी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी ऐकलं, जरा विचार केला, म्हणाले, "एवढं मला करता येईल." तेव्हापासून मगरिबच्या अजानला पंप बंद आणि सकाळी सूर्य उगवल्यावर सुरू. रझिया नावाची मलबारची नर्स होती, तिचे रोजे चालू होते. अजान झाली की ती आधी ताईचा पंप बंद करायची, मग खिशातला खजूर तोंडात टाकायची. "मॅडम का बंद, मेरा चालू," असं म्हणून हसायची. ताई वर बघायची. त्या खोलीत तिला 'हो' म्हणण्याजोगी गोष्ट तेवढी एकच होती.

पुढे तिनं 'एकदा' असा शब्द दिला. एकाशन, म्हणजे दिवसातून एकच वेळ अन्न. डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "आज एकदा," ते म्हणाले, "मग एक दिवसाआड. मग? हा रस्ता कुठे जातो ते मला कळतं, मॅडम. माझ्या आईनं असंच केलं होतं. तिनं नुसतं तोंड फिरवलं आणि आम्ही तिला आग्रह केला नाही. पण तिथे मी मुलगा होतो. इथे मी डॉक्टर आहे." ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तेही बघत राहिले. शेवटी तेच उठून गेले. त्या दिवशी मला वाटलं, कोंडलेली ती एकटी नाही.

तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. आता गळ्याला भोक पाडून कायमची नळी बसवायची वेळ आली, आणि पुन्हा कागद आला. छोट्याशा खोलीत भूपालभाऊ, श्रुती आणि मी बसलो होतो. डॉक्टरांनी सगळं समजावलं आणि पेन पुढे केलं. भूपालभाऊंनी ते घेतलं नाही.

"तिला विचारा," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, पद्धत अशी आहे, नवऱ्याची सही लागते. भूपालभाऊ तसे मवाळ माणूस. कंपनीत कधी आवाज चढवला असेल असं वाटत नाही. तेव्हाही चढवला नाही. "मला एकदा विचारून झालं. मी माझ्यासाठी सही केली, तिच्यासाठी न्हाई. ती शुद्धीत आहे. इथून वीस पावलांवर आहे. तिला विचारा की." श्रुती खाली बघत होती. मला वाटलं, ही आता ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "आस्क हर, डॉक्टर. प्लीज."

आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, आणि मग मला म्हणाले, आता हेच तुमच्या भाषेत विचारा, माझी खात्री झाली पाहिजे. म्हणून तेही माझ्याच वाट्याला आलं. ताई, गळ्याला नळी बसवायची का? डोळे मिटले. तोंडातली काढून बघितली आणि श्वास पुरला नाही, तर परत घालायची का? डोळे मिटले. मी काय विचारतेय ते तुला समजतंय ना? तिनं वर पाहिलं. मग पुठ्ठ्याकडे पाहिलं. मी बोट फिरवायला लागले. भ… त्यावर दीर्घ वेलांटी… त… पुन्हा दीर्घ. भीती. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. ते वाकून म्हणाले, "भीती वाटत असेल तर थांबू या का?" तिनं डोळे मिटले, आणि चांगले घट्ट मिटले. आत्याच्या उशाशी न घाबरलेली ती पोर आता घाबरली होती, आणि तरी नाही म्हणत होती. त्या क्षणी मी तिच्याशी मनातलं भांडण थांबवलं. मला पटलं म्हणून नव्हे. तिनं सगळा हिशेब मांडून पाहिलाय, भीतीसकट, हे मला दिसलं म्हणून.

"मी मशीन बंद करत नाहीये," डॉक्टर जणू स्वतःलाच सांगत होते. "ही नळी तशीही काढावीच लागते. ती काढून बघतोय. पुढचं त्याच्या हातात. इन्शाल्ला."

नळी निघाली. मास्कवर ती काही दिवस राहिली, कुणाला वाटलं नव्हतं इतके. नाकातली नळीही तिनं परत घालू दिली नाही. सलाइन डॉक्टरांनी ठेवलं, त्याबद्दल तिनंही हट्ट धरला नाही. आवाज परत आला होता, फाटका, आत आत ओढलेला. गावाहून भावाचा फोन आला, महाराजांनी आता अनुमती दिली आहे, मन शांत ठेव. भूपालभाऊंनी मोबाइल तिच्या कानाशी धरला आणि पलीकडून भावजय णमोकार म्हणत राहिली. ताईनं सगळ्यांची क्षमा मागितली. रझियाची, डॉक्टरांची, माझीही. माझ्याशी कधी वाईट वागली होती म्हणून क्षमा, ते विचारायला सुचलं नाही. श्रुती पायाशी बसली होती, जवळ यायला घाबरत होती. ताईनं तिला नजरेनं बोलावलं आणि मास्कमधून काहीतरी म्हणाली, लांबलचक, शब्दात शब्द अडकलेलं. मी सवयीनं पुढे झाले, सांगायला तोंड उघडलं. श्रुतीनं हात वर केला.

"मला समजलं," ती म्हणाली. मराठीत.

ताई म्हणाली होती, तू फोन केलास म्हणून मला परत तुझं तोंड बघायला मिळालं. त्याचं ओझं घेऊ नको.

दोन दिवसांनी दुपारी ती गेली. भूपालभाऊ जवळ होते. कागदपत्रं झाली आणि त्याच आठवड्यात तिला विमानानं नेलं. ती जिवंत असताना जी विमानं तिला जागा द्यायला तयार नव्हती, त्यांतल्याच एकात, खालच्या भागात, पेटीतून. डिसेंबरची ती तिकिटं रद्द करायला भूपालभाऊंबरोबर मीच गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं कारण विचारलं… ती घरी पोचली, एवढं खरं. पण ती पोचली तेव्हा तिला ते कळलं नाही, आणि याचा दोष मी कुणाला द्यावा? फोन करणाऱ्या पोरीला? सही करणाऱ्या नवऱ्याला? कायद्यात राहून जमेल तेवढं करणाऱ्या डॉक्टरांना? मी आजही सांगेन, मला स्वतःला मशीन हवं. माझ्या नवऱ्याला तसं सांगूनही ठेवलंय. पण मला हवं असणं आणि तिला नको असणं, या दोन्हींना ऐकणारं कुणीतरी वेळेवर असावं, एवढं मात्र ती मला शिकवून गेली.

श्रुतीची परीक्षा जवळ आलीय म्हणून बापलेक परत आलेत. परवा शुक्रवारी सकाळी मी चहाला गेले. भूपालभाऊ पोह्यांची तयारी करत होते आणि ओट्यावर मुंग्यांची भली मोठी रांग लागली होती, सिंकपासून थेट गॅसपर्यंत. त्यांनी वैतागून ओलं फडकं उचललं. दारातून श्रुती ओरडली, "पप्पा, डोन्ट! मम्मी विल किल यू!"

भूपालभाऊंचा फडक्याचा हात वरच राहिला. मग भूपालभाऊ हसायला लागले. ते हसले म्हणून श्रुती हसली, मग मीही. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मुंगी मारली म्हणून ताई कुणाला तरी मारतेय, हे चित्रच असं होतं. हसणं ओसरलं. भूपालभाऊंनी फडकं ठेवून दिलं. डब्यातली चिमूटभर साखर घेतली आणि खिडकीच्या चौकटीपर्यंत तिची बारीक रेघ ओढली, ताई ओढायची तशी. पहिल्या दोन-तीन मुंग्या घुटमळल्या, मग वळल्या. गॅस बंदच होता. शेवटची मुंगी खिडकीबाहेर जाईपर्यंत आम्ही तिघं ओट्यापाशी उभे होतो. पोह्यांना उशीर झाला.